बोर्डावरचा डीबगर सापडत नाही तेव्हा : नवख्यांसाठी तपासणीचा क्रम

‘बोर्ड जोडला, पण डीबगर सापडत नाही’ असं कुणी सांगितलं की मी आधी एकच विचारतो : संगणकाला डीबगर दिसत नाहीये, की डीबगरला चिप दिसत नाहीये? (डीबगर म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावरचा तो भाग, जो चिपमध्ये प्रोग्राम चढवतो आणि चालता प्रोग्राम थांबवून तपासू देतो.) या दोन बिघाडांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पण नव्याने शिकणाऱ्याला हा फरक बहुधा कुणी सांगितलेलाच नसतो. मग केबल खराब असताना ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकले जातात, नाहीतर एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) निघालाय एवढ्यावरून चांगला बोर्ड ‘गेला’ म्हणून बाजूला ठेवला जातो. म्हणून या लेखात उपायांपेक्षा क्रमावर भर दिला आहे. अडचण नेमकी कुठे आहे हे कळलं की उपाय बहुतेक वेळा दोन मिनिटांचा असतो.

बोर्डावर दोन चिप असतात

ऑनबोर्ड डीबगर हा स्वतःच एक छोटा मायक्रोकंट्रोलर असतो. एसटी (एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स) या कंपनीच्या मूळ न्यूक्लिओ-६४ बोर्डांवर यूएसबीच्या बाजूला जो वेगळा तुकडा दिसतो, त्यावर एसटीएम३२एफ१०३ ही चिप असते आणि तिच्यात एसटी-लिंक या डीबगरचं फर्मवेअर (चिपच्या आत राहणारा प्रोग्राम) चालतं. तुम्ही ज्या चिपसाठी प्रोग्राम लिहिता ती टार्गेट चिप खालच्या मोठ्या भागावर असते. संगणक यूएसबीवरून बोलतो तो फक्त डीबगरशी. डीबगर पुढे एसडब्ल्यूडीआयओ आणि एसडब्ल्यूसीएलके या दोन तारांवरून (आणि बहुधा रिसेटच्या तिसऱ्या तारेवरून) टार्गेटशी बोलतो. या जोडणीला एसडब्ल्यूडी म्हणतात.

म्हणजे वाट तीन टप्प्यांची आहे. संगणक ते डीबगर हा पहिला टप्पा. त्यात केबल, पोर्ट, ड्रायव्हर, परवानग्या येतात. डीबगर स्वतः हा दुसरा. त्यात त्याची वीज आणि त्याचं फर्मवेअर. डीबगर ते टार्गेट हा तिसरा; त्यात जंपर, टार्गेटची वीज आणि तुम्हीच चढवलेला प्रोग्राम.

पडद्यावर आलेला संदेश नीट वाचला तर टप्पा बऱ्याचदा तिथेच कळतो. चिपमध्ये प्रोग्राम चढवणारं एसटीचं साधन एसटीएम३२क्यूब-प्रोग्रामर ‘नो डीबग प्रोब डिटेक्टेड’ (प्रोब म्हणजे डीबगरच) म्हणत असेल, किंवा त्याच कामाचा ओपनओसीडी हा मुक्त प्रोग्राम ‘ओपन फेल्ड’ म्हणून थांबत असेल, तर अडचण पहिल्या दोन टप्प्यांत आहे. ‘नो एसटीएम३२ टार्गेट फाउंड’ किंवा ‘अनएबल टु कनेक्ट टु द टार्गेट’ असं येत असेल तर डीबगर ठणठणीत आहे. संगणकाला तो दिसला, त्याने उत्तर दिलं, आणि पुढची चिप बोलत नाही असंही तोच सांगतोय. तुमचा संदेश या दुसऱ्या जातीचा असेल तर सरळ पायरी ६ वर जा. मधलं काहीही करायची गरज नाही.

पायरी १ : या बोर्डावर डीबगर आहे का, आणि केबल त्याच्याच पोर्टात आहे का?

हा प्रश्न कितीही साधा वाटला तरी टाळू नका. रास्पबेरी पाय पिकोवर ऑनबोर्ड डीबगर नसतो. त्याला वेगळा डीबग प्रोब, नाहीतर प्रोबचं फर्मवेअर टाकलेला दुसरा पिको लागतो. मूळ ईएसपी३२ चिपच्या नेहमीच्या बोर्डांवर यूएसबीच्या शेजारी जी चिप असते ती फक्त यूएसबी-सीरियल पूल असते, बहुधा सीपी२१०२ किंवा सीएच३४०. तिच्यातून प्रोग्राम चढतो, मजकूर छापता येतो, पण ब्रेकपॉइंट (प्रोग्राम ठरावीक ओळीवर थांबवायची खूण) लावता येत नाही. आर्डुइनो उनो आर३चंही तसंच. अशा बोर्डावर डीबगर शोधत बसलात तर तो कधीच सापडणार नाही.

दुसरी गोष्ट पोर्टची. अनेक बोर्डांवर दोन यूएसबी सॉकेट असतात. एनआरएफ५२८४० डीके (डेव्हलपमेंट किट) या बोर्डावर एक सॉकेट जे-लिंक डीबगरचं आणि दुसरं थेट टार्गेट चिपच्या स्वतःच्या यूएसबीचं. टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीच्या टीएम४सी१२३ लाँचपॅडवर एकावर ‘डीबग’ आणि दुसऱ्यावर ‘डिव्हाइस’ लिहिलेलं असतं, शिवाय वीज कुठून घ्यायची ते ठरवणारा स्विचही असतो. ईएसपी३२-एस३ डेव्हकिटसी-१वर एक सॉकेट ‘यूएआरटी’चं, दुसरं ‘यूएसबी’चं, डीबगिंग होतं ते दुसऱ्यातून. चुकीच्या सॉकेटात केबल असली तरी बोर्डाला बहुधा वीज मिळते, दिवाही लागतो, म्हणून संशय येत नाही. बोर्डावरचं बारीक छापील अक्षर उजेडात धरून वाचा. एनआरएफच्या डीके बोर्डांवर चालू-बंद करायचा छोटा सरकता स्विचही असतो, तोही तेव्हाच पाहून घ्या.

पायरी २ : बोर्ड उघडा-बोडका करा, केबल बदला

बोर्डावर लावलेली शील्ड (वर बसणारी जोडपट्टी), सेन्सर, जंपर वायर, बाहेरची वीज, सगळं काढा. फक्त बोर्ड आणि एक केबल. बाहेर जोडलेल्या एखाद्या वस्तूत शॉर्ट असेल तर ५ व्होल्टची रेषा खाली ओढली जाते आणि डीबगर उठतच नाही. कधी संगणकच त्या पोर्टची वीज तोडतो आणि पॉवर सर्ज झाल्याची सूचना दाखवतो. बोर्ड लाकडावर किंवा कागदावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून वीज देऊ नका, कारण त्या पिशवीचा पृष्ठभाग थोडीफार वीज वाहून नेतो.

आता केबल. यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात : ५ व्होल्ट, ग्राउंड आणि माहितीच्या दोन, डी-प्लस व डी-मायनस. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. बोर्डाचा दिवा लागतो, संगणक मात्र गप्प. केबल ‘चांगली आहे’ हे ठरवायची एकच खात्रीची रीत आहे : त्याच केबलने फोन किंवा हार्ड डिस्क जोडून एखादी फाइल संगणकावर उतरवून बघा. फोन चार्ज होतो एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल वापरत असाल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. टाइप-सी पोर्ट समोर खरंच एखादं उपकरण आहे याची खूण पटल्याशिवाय ५ व्होल्ट सोडतच नाही. ही खूण म्हणजे उपकरणाच्या बाजूला सीसी पिनांवर ५.१ किलोओहमचे रेझिस्टर. काही स्वस्त बोर्डांवर ते बसवलेलेच नसतात. असा बोर्ड सी-टू-सी केबलवर मेल्यासारखा पडून राहतो आणि जुन्या चौकोनी यूएसबी-एच्या केबलवर लगेच उठतो. दिवाच लागत नसेल तर हे आधी करून पाहा.

केबलसोबत पोर्टही बदला. हब काढून थेट संगणकात जोडा; डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनलपेक्षा मागचा, मदरबोर्डावरचा पोर्ट बरा. कधी उलटही होतं : यूएसबी ३च्या पोर्टवर कुरकुरणारा बोर्ड मध्ये साधा यूएसबी २ हब घातला की नीट चालतो.

पायरी ३ : दिव्यांची भाषा वाचा

नवखे लोक ‘दिवा लागलाय’ एवढंच सांगतात. कोणता दिवा, कोणत्या रंगाचा, स्थिर की लुकलुकता, हे सांगितलं तर अर्धं निदान झालं. न्यूक्लिओ-६४चं उदाहरण घेऊ, कारण तिथे हे फार सुरेख मांडलेलं आहे.

यूएसबीजवळच्या एलडी१ या दिव्याकडे पाहत केबल लावा. आधी तो सावकाश लाल लुकलुकतो : डीबगर जागा झालाय, संगणकाशी अजून बोलणं झालेलं नाही. मग लुकलुकणं जलद होतं : संगणकाने त्याला पहिल्यांदा ओळखलं. मग स्थिर लाल : दोघांची ओळख पूर्ण झाली. टार्गेट चिपशी बोलणं जमलं की हिरवा, बोलणं चालू असताना लाल-हिरवा आलटून पालटून, आणि बोलणं फसलं तर नारिंगी.

आता तुमच्या बोर्डावर हे कुठे अडकतं ते पाहा. सावकाश लुकलुकत तसाच राहिला तर वीज पोचते आहे पण माहिती पोचत नाही : केबल, पोर्ट किंवा हब. स्थिर लाल झाला तर संगणकाला डीबगर दिसलेला आहे. तरीही प्रोग्राम ‘प्रोब नाही’ म्हणत असेल तर ड्रायव्हर, परवानगी किंवा दुसरा प्रोग्राम आडवा येतोय. नारिंगी म्हणजे टार्गेटकडची अडचण. दिवाच नाही म्हणजे वीजच नाही.

याच बोर्डावर एलडी३ हा दुसरा लाल दिवा टार्गेटच्या विजेचा आहे, आणि त्याची एक खासियत लक्षात ठेवण्यासारखी आहे. डीबगर आधी संगणकाकडे ३०० मिलिअँपिअर मागतो. संगणकाने मंजुरी दिली तरच टार्गेट भागाला वीज सोडतो आणि मगच एलडी३ लागतो. त्यामुळे फोनच्या चार्जरवर किंवा फक्त चार्जिंगच्या केबलवर हा बोर्ड जोडला तर एलडी३ विझलेलाच राहतो. बोर्ड बिघडला असं समजून घाबरू नका, तो मंजुरीची वाट पाहतोय.

इतर बोर्डांचे दिवे वेगळे बोलतात. आपल्या बोर्डाच्या युजर मॅन्युअलमध्ये एलईडीचा तक्ता असतो. त्या एका पानाची प्रत जवळ ठेवा.

पायरी ४ : ऑपरेटिंग सिस्टिमला विचारा

आयडीई (कोड लिहून चढवायचा प्रोग्राम) बंद करा. आयडीईला काय दिसतं हा नंतरचा प्रश्न, आधी संगणकाला काय दिसतं ते पाहायचं आहे.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडून ठेवा आणि त्याच्याकडे बघत केबल लावा, काढा, पुन्हा लावा. यादी हलली पाहिजे. अजिबात हलली नाही, आवाजही आला नाही, तर विंडोजपर्यंत काही पोचतच नाहीये. पायरी २ वर परत जा, ड्रायव्हरला हात लावू नका. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि आत कोड ४३ दिसला तर काहीतरी पोचलंय पण त्याने स्वतःची ओळख धड सांगितली नाही : बहुधा केबल, हब, कमी पडणारी वीज, नाहीतर डीबगरचं बिघडलेलं फर्मवेअर. बोर्डाचं नाव बरोबर दिसतं पण पिवळा त्रिकोण आणि कोड २८ आहे, तर हा सरळसरळ ड्रायव्हर नसल्याचा प्रकार.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ ही आज्ञा ‘डब्ल्यू’ या पर्यायासह चालू ठेवा (काही वितरणांत त्यासाठी सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणं, लागतं) आणि मग केबल लावा. चांगल्या बोर्डावर नवं फुल-स्पीड यूएसबी उपकरण सापडल्याची ओळ, पाठोपाठ त्याचा क्रमांक, उत्पादकाचं नाव आणि सीरियल नंबर अशा चार-पाच ओळी झरझर येतात. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’ किंवा ‘-११०’ अशा ओळी परत परत येत असतील तर तो तारांच्या पातळीवरचा बिघाड : -७१ म्हणजे संभाषणच विस्कटलं, -११० म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही. इथे कोणताही ड्रायव्हर उपयोगाचा नाही. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधला यूएसबी विभाग हेच काम करतो, फक्त यादी दर वेळी ताजी करून घ्यावी लागते.

यादीत काहीतरी दिसलं की त्याचा ओळखक्रमांक वाचा. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा तो थेट दाखवते. विंडोजवर उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स या टॅबखाली हार्डवेअर आयडीत मिळतो. दोन भाग असतात, उत्पादकाचा आणि वस्तूचा. ०४८३ म्हणजे एसटी. त्यापुढे ३७४८ असेल तर एसटी-लिंक व्ही२, ३७४बी असेल तर न्यूक्लिओवरचा व्ही२-१. १३६६ म्हणजे सेगरचा जे-लिंक. ०डी२८ आणि ०२०४ म्हणजे डॅपलिंक, जो मायक्रोबिटवर असतो. ३०३ए म्हणजे एस्प्रेसिफ, २ई८ए म्हणजे रास्पबेरी पाय, ०४५१ म्हणजे टीआय.

या क्रमांकांवरून गोंधळ चटकन सुटतो. १ए८६ आणि ७५२३ दिसलं तर तो सीएच३४०, म्हणजे सीरियल पूल आहे, डीबगर नव्हे. ०४८३ आणि डीएफ११ दिसलं तर तुम्ही टार्गेट चिपच्या स्वतःच्या बूटलोडरशी (चिपमध्ये आधीच असलेल्या, प्रोग्राम चढवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामशी) जोडलेले आहात, बहुधा दुसऱ्याच सॉकेटातून. आणि न्यूक्लिओ बोर्डावर १३६६ दिसलं तर आधी कुणीतरी सेगरच्या साधनाने त्यातल्या एसटी-लिंकचा जे-लिंक केलेला आहे. असा बोर्ड एसटीच्या प्रोग्रामला एसटी-लिंक म्हणून सापडत नाही, पण जे-लिंक म्हणून मजेत चालतो, आणि त्याच साधनाने पूर्ववतही करता येतो. हातोहात आलेल्या बोर्डांवर हे आवर्जून पाहावं.

पायरी ५ : संगणकाला दिसतो, प्रोग्रामला दिसत नाही

ओळखक्रमांक बरोबर आहे, तरी आयडीई नाही म्हणते. इथे चार संशयित आहेत.

पहिला, दुसऱ्या प्रोग्रामने डीबगर धरून ठेवलेला असणं. डीबगरचा यूएसबी इंटरफेस साधारणपणे एका वेळी एकालाच मिळतो. आयडीई मध्येच बंद पडली की तिने मागे चालू केलेला ओपनओसीडी किंवा जीडीबी सर्व्हर तसाच जिवंत राहतो आणि नव्या प्रयत्नाला वाट देत नाही. टास्क मॅनेजरमध्ये शोधून तो बंद करा. ‘काल चालत होता, आज नाही’ या तक्रारीत मला हे कारण सगळ्यात जास्त दिसतं.

दुसरा, ड्रायव्हर. सीएमएसआयएस-डॅप या डीबगरांच्या बोलीची (डॅपलिंक तीच बोलतो) पहिली आवृत्ती कीबोर्ड-माउससारखी एचआयडी वर्गातली असल्याने तिला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुसरी आवृत्ती विंडोजचा विनयूएसबी ड्रायव्हर वापरते. एसटी-लिंक आणि जे-लिंकसाठी त्या त्या कंपनीचा ड्रायव्हर टाकावा. इथे झाडिग या ड्रायव्हर बदलायच्या साधनाबद्दल कळकळीने सांगतो : अनेक ठिकाणी ‘झाडिगने ड्रायव्हर बदला’ असा सल्ला मिळतो. त्याने ओपनओसीडी चालू होतोही, पण तोच डीबगर मूळ कंपनीच्या प्रोग्रामांना दिसेनासा होऊ शकतो. शिवाय ऑनबोर्ड डीबगर बहुधा संयुक्त उपकरण असतो, म्हणजे एकाच केबलवर डीबग इंटरफेस, आभासी सीरियल पोर्ट आणि छोटी ड्राइव्ह असे दोन-तीन तुकडे. चुकीच्या तुकड्याचा ड्रायव्हर बदलला तर सीरियल पोर्टही जातो. आधीच बदलला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या तुकड्यावर ‘अनइन्स्टॉल’ करा, ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करा, केबल काढून पुन्हा लावा, मग कंपनीचा ड्रायव्हर टाका.

तिसरा, लिनक्सवरच्या परवानग्या. ‘एलएसयूएसबी’त सगळं दिसतं आणि प्रोग्राम ‘लिबयूएसबी एरर ॲक्सेस’ म्हणतो, तेव्हा दुसरं काही शोधू नका. खात्रीसाठी तीच आज्ञा एकदा सुडो लावून चालवा. चालली तर कारण पक्कं. मात्र रोज सुडोने काम चालवू नका, प्रकल्पाच्या फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली साचतात आणि पुढे बिल्ड अडतं. त्यापेक्षा ओपनओसीडीबरोबर किंवा कंपनीच्या साधनांबरोबर येणारी यूडेव्हची (लिनक्सवर उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या व्यवस्थेची) नियमफाइल ‘ईटीसी’मधल्या ‘यूडेव्ह’च्या ‘रूल्स.डी’ फोल्डरात ठेवा, नियम पुन्हा वाचायला लावा आणि केबल काढून लावा. केबल काढून लावणं बरेच जण विसरतात, आणि नियम लागूच झाले नाहीत असं समजतात.

चौथा, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक. यूएसबी उपकरण एका वेळी एकाच बाजूला असतं, बाहेरच्या विंडोजकडे किंवा आतल्या लिनक्सकडे. डब्ल्यूएसएल२मध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) तर ते आपोआप आत जातच नाही. त्यासाठी यूएसबीआयपीडी-विन हे साधन बसवून उपकरण जोडून द्यावं लागतं. फर्मवेअर अद्ययावत करताना डीबगर मध्येच वेगळा ओळखक्रमांक घेऊन परत येतो आणि नेमका तेव्हा मशीनच्या हातून निसटतो. म्हणून फर्मवेअरचं काम व्हर्च्युअल मशीनमधून करूच नये.

आता डीबगरच्या फर्मवेअरबद्दल. प्रोग्राम नवा आणि डीबगरचं फर्मवेअर जुनं असेल तर प्रोग्राम स्वतःच अद्ययावत करायला सांगतो. करा, पण हब न वापरता, लॅपटॉप चार्जरला लावून, आणि मध्ये केबलला हात न लावता. डॅपलिंकच्या बोर्डांवर सोय आणखी चांगली आहे : रिसेटचं बटण दाबून धरून केबल लावली की ‘मेंटेनन्स’ नावाची ड्राइव्ह दिसते, आणि तिच्यावर इंटरफेसचं नवं फर्मवेअर टाकलं की डीबगर ताजा होतो. याचा उलटा घोळही होतो. केबल लावताना अंगठा चुकून बटणावर असतो, नेहमीच्या ‘मायक्रोबिट’ ड्राइव्हऐवजी ‘मेंटेनन्स’ दिसते आणि माणूस आपला प्रोग्राम तिच्यावर टाकून वाट पाहत बसतो. ती ड्राइव्ह दिसली तर बटण सोडून केबल पुन्हा लावा, एवढंच.

पायरी ६ : डीबगर दिसतो, चिप बोलत नाही

इथून पुढे संगणकाचा काही संबंध नाही. आधी वीज. एसटीचा प्रोग्रामर टार्गेटचा व्होल्टेज दाखवतो, तो ३.३च्या आसपास हवा. शून्याजवळ असेल तर न्यूक्लिओ-६४वर जेपी६ म्हणजे आयडीडी लिहिलेला जंपर पाहा. चिप किती वीज खाते ते मोजण्यासाठी तो काढतात आणि परत लावायचा राहतो. मग सीएन२वरचे दोन जंपर : ते दोन्ही बसलेले असतील तर डीबगर बोर्डावरच्या चिपला जोडलेला असतो, काढले तर तो बाहेरच्या बोर्डासाठी मोकळा होतो. नव्या बोर्डावर ते बसलेलेच येतात, पण वापरलेल्या बोर्डावर बऱ्याचदा गायब असतात.

वीज आणि जंपर ठीक असतील तर संशय तुमच्याच शेवटच्या प्रोग्रामवर घ्या. ‘एकदा प्रोग्राम चढला, त्यानंतर कधीच नाही’ याचं कारण जवळजवळ नेहमी इथेच असतं. एसटीएम३२मध्ये डीबगच्या तारा पीए१३ आणि पीए१४ या पायांवर येतात. हे पाय तुमच्या प्रोग्रामने दुसऱ्या कामाला लावले की चालू झाल्या झाल्या चिप डीबगरशी बोलणं बंद करते. क्यूबएमएक्स या एसटीच्या कोड तयार करून देणाऱ्या साधनात सिस्टिमच्या पानावर डीबगचा पर्याय ‘डिसेबल’ राहिला आणि एफ१ मालिकेची चिप असली, की तयार होणारा कोड ही वाट स्वतःच बंद करतो. नवा प्रकल्प उघडल्यावर सगळ्यात आधी तिथे ‘सीरियल वायर’ निवडा. प्रोग्राम चिपला लगेच गाढ झोपेत नेत असेल तरी परिणाम असाच दिसतो.

यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे प्रोग्राम सुरू व्हायच्या आत चिपला पकडणं. प्रोग्रामरमध्ये ‘कनेक्ट अंडर रिसेट’ हा प्रकार निवडा, एसडब्ल्यूडीचा वेग काही शे किलोहर्ट्झपर्यंत खाली आणा आणि जोडा. रिसेटची तार जोडलेली नसेल तर काळं रिसेट बटण दाबून धरा, ‘कनेक्ट’वर क्लिक करा आणि त्याच क्षणी बटण सोडा, दोन-चार प्रयत्नांत जमतं. तरीही नाही जमलं तर बूट० हा पाय ३.३ व्होल्टला जोडून रिसेट करा. न्यूक्लिओ-६४वर सीएन७च्या ५ आणि ७ क्रमांकाच्या पिना शेजारीशेजारी आहेत, एक साधा जंपर पुरतो. आता चिप तुमचा प्रोग्राम सोडून स्वतःचा बूटलोडर चालवते, तो डीबगच्या पायांना धक्का लावत नाही. जोडा, पूर्ण मिटवा, जंपर काढा.

ईएसपी३२-एस३ची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा यूएसबी डीबगर चिपच्या आतच आहे आणि जीपीआयओ १९ व २० या पायांवर येतो. प्रोग्रामने हे पाय वापरले, किंवा यूएसबी स्वतःच्या कामाला घेतलं, तर डीबगर संगणकावरूनच नाहीसा होतो. म्हणजे तिसऱ्या टप्प्याची चूक पहिल्या टप्प्यासारखी दिसते. बूट दाबून धरा, रिसेट दाबून सोडा, मग बूट सोडा; चिप डाउनलोड स्थितीत येते, यूएसबी परत दिसतं आणि सुधारलेला प्रोग्राम चढवता येतो.

एक गोष्ट जपून. एसटीएम३२मध्ये वाचनसंरक्षणाच्या पातळ्या असतात. पातळी १ लागली असेल तर ती काढता येते, फक्त चिपमधलं सगळं मिटतं. बहुतेक मालिकांत पातळी २ लावली की ती कायमची, डीबगची वाट पुन्हा उघडत नाही. प्रोग्रामरमधल्या ऑप्शन बाइट्सच्या (या पातळ्यांसारख्या चिपच्या सेटिंगच्या) पानावर कुतूहलाने काही बदलू नका.

पायरी ७ : डीबगर खरंच गेला असेल तर

तीन चांगल्या केबल, दोन वेगळे संगणक, मोकळा बोर्ड, आणि तरी ‘डीमेसेज’मध्ये एकही ओळ नाही. आता मल्टिमीटर घ्या. ग्राउंड आणि ५ व्होल्टच्या पिनेत ५च्या जवळ, ३.३च्या पिनेत ३.३ येतंय का पाहा. न्यूक्लिओवर टार्गेटच्या पिनांवर मंजुरीशिवाय वीज येत नाही हे इथेही ध्यानात ठेवा आणि मोजणी डीबगरच्या भागावर करा. ५ आहे पण ३.३ नाही, तर रेग्युलेटर (५ व्होल्टचे ३.३ करणारा भाग) गेला. डीबगरची चिप बोटाला चटका देण्याइतकी तापत असेल तर तीच जळाली आहे. केबल लगेच काढा. सॉकेटचे पाय बोर्डापासून सुटलेत का तेही भिंगातून बघा, मायक्रो-यूएसबीचं सॉकेट ओढाताणीत सहज उखडतं.

डीबगर मेला तरी बोर्ड मेलेला नसतो. न्यूक्लिओवर सीएन२चे जंपर काढा आणि बाहेरचा प्रोब टार्गेट चिपला जोडा : एसडब्ल्यूडीआयओ पीए१३ला, एसडब्ल्यूसीएलके पीए१४ला, ग्राउंड ग्राउंडला, रिसेट रिसेटला, आणि प्रोबची व्होल्टेज-संदर्भाची तार ३.३ला. ग्राउंडची तार आधी लावा. टार्गेटला वीज बाहेरून द्यावी लागेल. ५ व्होल्ट ई५व्ही या पिनेवर द्या आणि जेपी५ हा जंपर यू५व्हीवरून ई५व्हीवर सरकवा. प्रोब जवळ नसेल तर यूएसबी-सीरियलची साधी पट्टीही चालते : बूट० वर ओढून चिपच्या बूटलोडरमध्ये जा आणि क्यूब-प्रोग्रामरमध्ये जोडणीचा प्रकार यूएआरटी निवडा. ब्रेकपॉइंट मिळणार नाहीत, पण प्रोग्राम चढेल. पट्टीवर ५ आणि ३.३ व्होल्टचा जंपर असतो, तो ३.३वर आहे ना, हे तारा जोडण्याआधी पाहून घ्या.